ठरलेली हालचाल ऐनवेळी आवरते कशी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

हात, पाय किंवा डोळे एखाद्या हालचालीसाठी निघालेले असतात आणि त्याच क्षणी काहीतरी दिसतं किंवा ऐकू येतं, म्हणून ती हालचाल रद्द करावी लागते. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. विषय एकच असल्यामुळे उत्तरं एकमेकांत गुंतली आहेत, तेव्हा सलग वाचली तर बरं.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा, शिवाजी पार्कात नेट्सला जातो. ऑफ स्टंपबाहेरचा बॉल सोडायचा हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी कड लागून आउट होतो आणि म्हणतो, ‘सोडायचाच होता, दिसलंही होतं, पण बॅट गेली.’ सर म्हणतात लक्ष नाही. कोणाचं खरं मानायचं? – एक पालक, दादर

मुलाचं. ‘दिसलं होतं, पण बॅट गेली’ हे त्याने अगदी नेमकं सांगितलं आहे.

हालचाल करणं आणि ती थांबवणं या मेंदूत दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ साली त्यांच्याकडे शर्यत म्हणून पाहिलं. ‘कर’ ही प्रक्रिया आधी सुटते, ‘थांब’ मागून सुटते, आणि जी आधी पोहोचेल तिचं चालतं. तरुण, निरोगी माणसाच्या ‘थांब’ला पोहोचायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. हा वेळ निश्चयाने फारसा कमी होत नाही. बदलता येतं ते एवढंच, की ‘थांब’ कधी सुटावं.

आता खेळपट्टीवर या. दोन्ही बाजूंच्या पॉपिंग क्रीजमधलं अंतर ५८ फूट, म्हणजे १७.७ मीटर. ताशी ११० किलोमीटरने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला सहा दशांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतो. चांगल्या लेंग्थचा टप्पा फलंदाजापासून सहा मीटरवर धरला, तर टप्प्यानंतर हातात उरतात २२५ ते २५० मिलिसेकंद. म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू बाहेर जातोय हे दिसलं आणि तेव्हा ‘सोड’ म्हटलं, तर ‘थांब’ पोहोचेपर्यंत बॅट चेंडूला टेकलेली असते. पीटर मॅक्लिओड यांनी १९८७ मध्ये मॅटखाली लाकडी दांड्या ठेवून चेंडू अचानक वळवला आणि व्यावसायिक फलंदाजांच्या बॅटचं चित्रीकरण केलं. वळल्यानंतर बॅटची दिशा बदलायला त्यांनाही २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागत होते. मोठे फलंदाज वेगळे ठरतात ते चेंडू हातातून सुटतानाची आणि सुरुवातीच्या उड्डाणाची माहिती आधी वाचतात म्हणून.

तेव्हा सराव ‘लक्ष दे’चा नको, ‘लवकर ठरव’चा हवा. थ्रोडाउन घेताना मुलाने टप्पा पडायच्या आत मोठ्याने ‘सोड’ किंवा ‘खेळ’ म्हणायचं. तोंडातून शब्द टप्प्यानंतर आला तर तो चेंडू मोजायचा नाही, मग फटका कितीही सुरेख बसलेला असो. सोडायचे चेंडू चारातला एक इतकेच, आणि क्रम बेभरवशाचा. लागोपाठ वीस चेंडू सोडायला लावले तर त्यात आवरण्याचा सराव होतच नाही, कारण बॅट निघालेलीच नसते. शिवाय बॉल सोडणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. हात वर आणि रेषेच्या आत घेणं ही स्वतंत्र हालचाल आहे, ती फटक्याइतकीच घोटावी लागते. निघालेला फटका नुसता रोखायला गेलं की बॅट अर्ध्यात लटकते, आणि तिथेच कड लागते.

आणखी एक. पावसाळ्यात १९४८ पासून चालत आलेल्या कांगा लीगसारख्या सामन्यांत ओल्या विकेटवर बॉल थांबून येतो. तिथे फटका लवकर सुरू करणारा हमखास फसतो. मुलगा लवकर बॅट टाकणारा असेल तर त्या विकेटवर त्याला जरूर खेळू द्या. फटका उशिरा सुरू करण्याची सवय लागली की ‘थांब’ला आपोआप जास्त वेळ मिळतो.

प्रश्न : प्रॅक्टिकलसाठी स्टॉप-सिग्नल चाचणी केली. लॅपटॉपवर बाण दिसला की डावं किंवा उजवं बटण दाबायचं, बीप वाजला तर दाबायचं नाही. बीप निम्म्या वेळा ठेवला, तोही बाणानंतर नेमक्या ३५० मिलिसेकंदांनी. सरासरी प्रतिक्रियाकाळातून ३५० वजा करून ‘थांबण्याचा वेळ’ काढला. एका मित्राचा ४० आला, एका मैत्रिणीचा ४१०. कुठे चुकलं? आणि पुढच्या वेळी ब्लूटूथ इयरफोन वापरले तर चालेल का? – मानसशास्त्राची विद्यार्थिनी, विलेपार्ले

तुमची माहिती वाया गेलेली नाही. सोबत तक्ता पाठवलात हे फार चांगलं केलंत, कारण चूक त्यातच दिसते.

मित्राचा सरासरी प्रतिक्रियाकाळ ३९०, आणि बीप वाजूनही १०० पैकी ८५ वेळा त्याने बटण दाबलं. मैत्रिणीची सरासरी ७६०, आणि ती फक्त ६ वेळा चुकली. म्हणजे तो सुसाट होता आणि ती बीपची वाट पाहत बसली होती. सरासरीतून वजाबाकी करण्याची पद्धत तेव्हाच चालते, जेव्हा माणूस निम्म्या वेळा थांबतो आणि निम्म्या वेळा चुकतो. इथे दोघेही दोन टोकांना.

बीप न वाजलेल्या फेऱ्यांचे प्रतिक्रियाकाळ लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावा. मित्र ८५ टक्के वेळा चुकला, म्हणून त्याच्या रांगेतला ८५ टक्क्यांच्या जागेवरचा आकडा घ्या. तक्त्यात तो ५४५ आहे. त्यातून ३५० गेले, उरले १९५. मैत्रिणीचा ६ टक्क्यांच्या जागेवरचा आकडा ५८५ आहे, उरले २३५. बघा, ४० आणि ४१० यांच्यातली दरी कुठे गेली! थांबण्याचा वेग दोघांचा जवळपास सारखा होता, फरक होता तो खेळण्याच्या पवित्र्यात. तरीही टोकाच्या टक्केवारीवरून काढलेले आकडे कच्चेच. चुकण्याचं प्रमाण २५ टक्क्यांहून कमी किंवा ७५ टक्क्यांहून जास्त असेल तर त्या व्यक्तीचा आकडा अहवालात घेऊ नये.

पुढच्या वेळी मांडणी अशी करा. एकूण २०० फेऱ्या, त्यांत बीपच्या ५० आणि साध्या १५०. बीप चौथाई वेळाच हवा. निम्म्या वेळा ठेवला की माणसं वाट पाहायला शिकतात, तुमच्या मैत्रिणीने तेच केलं. बीपचा उशीर ठरावीक ठेवू नका. २०० मिलिसेकंदांपासून सुरू करा, थांबता आलं तर पुढच्या बीपला ५० वाढवा, नाही आलं तर ५० कमी करा. ही शिडी आपोआप चुकण्याचं प्रमाण निम्म्यावर आणून ठेवते. नेहमीचा लॅपटॉप सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं. ५० ची पायरी बरोबर तीन चित्रांची होते, त्यामुळे बीपऐवजी दिसणारा संकेत वापरलात तरी ती नीट बसते.

हिशेबाचा नमुना : १५० साध्या फेऱ्या, चुकण्याचं प्रमाण ०.४८. १५० गुणिले ०.४८ म्हणजे ७२. रांगेतला ७२ वा प्रतिक्रियाकाळ ४७० आणि बीपचा सरासरी उशीर २४० असेल, तर थांबण्याचा वेळ २३०. ज्या साध्या फेऱ्यांत बटण दाबलंच गेलं नाही त्या टाकून देऊ नका. तिथे त्या व्यक्तीचा सर्वांत मोठा प्रतिक्रियाकाळ लिहा. डावं-उजवं चुकलेल्या फेऱ्याही रांगेत राहू द्या.

एक तपासणी कधीही चुकवू नका. बीप वाजूनही बटण दाबलेल्या फेऱ्यांची सरासरी साध्या फेऱ्यांच्या सरासरीपेक्षा कमी यायला हवी, कारण ‘थांब’च्या हातून निसटतात ते वेगवान प्रतिसाद. ती जास्त आली तर शर्यतीचं गृहीतकच मोडलं, मग थांबण्याचा वेळ काढण्यात अर्थ नाही.

सूचना स्पष्ट द्या : ‘बीपची वाट पाहू नका, कधीकधी थांबता येणार नाही, ते अपेक्षितच आहे.’ दर ५० फेऱ्यांनंतर त्यांचा सरासरी वेग दाखवा. वेग मंदावत गेला असेल तर तिथेच टोका. सत्रभर हळूहळू मंदावणाऱ्या माणसाचा थांबण्याचा वेळ या हिशेबात खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

ब्लूटूथ अजिबात नको. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही उशिरा कानात पोहोचतो आणि तो उशीर स्थिर नसतो. तुमच्या फाइलमध्ये २०० लिहिलेलं असेल, कानात बीप ३५० ला वाजलेला असेल, आणि जादा १५० थांबण्याच्या वेळात मिसळून जातील. वायरचे साधे इयरफोन घ्या, आणि सगळ्यांना तेच द्या.

प्रश्न : पादचाऱ्याला सावध करायला हॉर्न दिला की तो बाजूला होण्याऐवजी रस्त्यातच खिळून उभा राहतो. असं का? – दुचाकीस्वार, कुर्ला

कारण अनपेक्षित आवाज शरीराला आधी थांबवतो. कवटीवरून चुंबकीय स्पंद देऊन स्नायू किती तयार आहेत हे मोजता येतं. अनपेक्षित आवाजानंतर साधारण १५० मिलिसेकंदांनी ही तयारी थोडा वेळ खाली येते, आणि तीही ज्या अवयवाचा त्या कामाशी संबंध नाही त्याचीसुद्धा. हात थांबवायला सांगितला तर पायाच्या स्नायूंचीही तयारी उतरते. घाईने लावलेला ब्रेक सगळ्या अंगाला लागतो. फक्त एकच अवयव निवडून थांबवायचा तर जास्त वेळ जातो.

म्हणून आधी ब्रेक, मग लागलाच तर हॉर्न. ताशी ४० च्या वेगात तुम्ही सेकंदाला ११ मीटर पुढे जाता. तो बाजूला होईल या भरवशावर वेग तसाच ठेवला, तर तो नेमका त्याच जागी असतो जिथे हॉर्नने त्याला थांबवलं.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची. ‘चिमणी भुर्र, कावळा भुर्र’ खेळताना ‘म्हैस भुर्र’ला हमखास बोट उचलते. शेजारीण म्हणाली, लक्षाचा आजार असेल, कॉम्प्युटरवरची टेस्ट करून घ्या. करावी का? – आई, मालाड

सहाव्या वर्षी असं होणं अगदी स्वाभाविक आहे. आवरण्याची ही क्षमता बालपणभर वाढत राहते आणि किशोरवयापर्यंत पक्की होत जाते.

हा खेळ फार हुशारीने रचलेला आहे. पाच-सहा वेळा उडणारंच नाव येतं, त्यामुळे बोट उचलणं अंगवळणी पडतं, आणि मग म्हैस येते. नीट पाहाल तर ‘म्हैस’ हा शब्द ‘भुर्र’च्या आधी कानावर पडलेला असतो. म्हणजे माहिती वेळेत पोहोचली होती. बोट उचललं गेलं ते ‘भुर्र’च्या ठेक्यावर. घरी एक करून बघा. नाव घेतल्यावर एक क्षण थांबा, मग ‘भुर्र’ म्हणा. चुका कमी झाल्या तर मुलीला कळतं सगळं, तिला फक्त वेळ कमी पडत होता. दुसरं, सांगणाऱ्याने स्वतःचं बोट उचलू नये. समोरचं बोट वर गेलेलं दिसलं की नक्कल आवरणं हे आणखी एक काम तिच्यावर येऊन पडतं. हे जमू लागलं की ठेका वाढवा, म्हैस-बैल कमी करा, खेळ आपोआप अवघड होतो.

हा खेळ स्टॉप-सिग्नल चाचणीहून वेगळा आहे. इथे हालचाल सुरूच करायची नसते, तिथे सुरू झालेली रद्द करायची असते. एकात चुकणारं मूल दुसऱ्यातही चुकेलच असं नाही.

टेस्टबद्दल : एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता हा विकार) असलेल्या मुलांच्या गटाचा थांबण्याचा वेळ सरासरीने जास्त येतो आणि त्यांच्या प्रतिसादांचा वेग दर वेळी बराच बदलतो, हे खरं. पण एकेका मुलाकडे पाहिलं तर दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. एका आकड्यावरून निदान होत नाही. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ अडचण दिसत असेल तरच बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. खेळात बोट उचलते एवढ्यावरून मात्र नाही.

प्रश्न : मनात ठरवून झाल्यावर माघार घेता येते का, की एक क्षण असा येतो की परतीची वाट बंद? – निवृत्त वाचक, मुलुंड

वाट बंद होते, पण बरीच उशिरा. बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लोकांना पायाने बटण दाबायला सांगितलं. मेंदूच्या विद्युतलहरींवरून संगणक त्यांचा इरादा ओळखायचा आणि लाल दिवा लावायचा. हालचाल सुरू होण्याच्या साधारण २०० मिलिसेकंद आधीपर्यंत दिवा लागला, तर लोकांना माघार घेता येत होती. त्यानंतर दिवा लागला तर पाय हलायला सुरुवात व्हायचीच, पण काहींना बटण पूर्ण दाबलं जाण्याआधी तो रोखता आला. स्नायूंची विद्युतहालचाल मोजली की असे अर्धवट प्रतिसाद स्पष्ट दिसतात. बाहेरून हात स्थिर असतो, आत स्नायू निघून पुन्हा शांत झालेला असतो.

थांबवण्याचं हे काम मुख्यतः उजव्या बाजूच्या पुढच्या मेंदूचा खालचा भाग, पुढच्याच मेंदूच्या वरच्या-मधल्या भागातला प्री-एसएमए नावाचा पट्टा, आणि मेंदूत खोलवर असलेला सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हा छोटा पेशीसमूह करतात. उजवीकडचा तो भाग जखमी झालेल्यांचा थांबण्याचा वेळ वाढलेला असतो, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. माकडांमध्ये हेन्स आणि शॉल यांनी १९९६ मध्ये पेशींची नोंद घेतली, तेव्हा दिसलं की डोळा फिरवणाऱ्या पेशींची क्रिया एका ठरावीक पातळीला पोहोचली की डोळा फिरतो, आणि त्याआधी ती उतरली की फिरत नाही. डोळ्यांना आवरायला हातापेक्षा कमी वेळ लागतो.

प्रश्न : वय ६८. रस्ता ओलांडताना उलट्या दिशेने आलेली स्कूटर दिसली, थांबायचं ठरवलं, तरी पुढचं पाऊल पडलंच. लोकलमध्ये चढतानाही एकदा गाडी हलताना असंच झालं. पाय ऐकत नाहीत, हा आजार आहे का? – परळ

फक्त एवढंच असेल तर नाही. पण त्याबरोबर चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटणं, हात थरथरणं किंवा तोल जाणं असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना जरूर दाखवा.

पाय उचलल्यापासून टेकेपर्यंत साधारण ०.४ सेकंद जातात. उचलतानाच संकेत मिळाला तर त्याच पावलावर थांबता येतं. पाय अर्ध्यावर गेल्यावर मिळाला, तर शरीराचा भार पुढे सरकलेला असतो आणि पडू नये म्हणून आणखी एक पाऊल टाकावंच लागतं. तुमचं पाऊल पडलं ते तोल सांभाळायला, आणि ते योग्यच झालं. वयानुसार थांबण्याचा वेळही थोडा वाढतो. एकूण हिशेब केला तर संकेतानंतर शरीर जवळजवळ मीटरभर पुढे जाऊन थांबतं.

तो मीटर हाताशी ठेवा. फुटपाथच्या कडेवर न उभं राहता एक पूर्ण पाऊल मागे उभं राहा. सिग्नल हिरवा झाला तरी लगेच निघू नका, आधी दोन्हीकडे पाहा, मग पाऊल उचला. एकदिशा रस्त्यावरही उलटी बाजू बघायचीच. चालता चालता बघू नका, कारण निघालेला पाय आवरण्यापेक्षा न निघालेला पाय ठेवणं खूप सोपं. शेजारचा निघाला म्हणून निघणं हे सर्वांत धोक्याचं, तो कदाचित धावणार असतो. दुभाजकाजवळ पोहोचलात की पुन्हा पूर्ण थांबा. फोनवर बोलत असाल तर कडेला उभं राहून बोलणं संपवा. दुसरं काम सुरू असताना थांबण्याचा वेळ वाढतो.

लोकलचं थोडं वेगळं आहे. तिथे संकेत म्हणून गाडीच हलते, आणि ती हललेली डोळ्यांना कळेपर्यंत पाय फुटबोर्डकडे निघालेला असतो. काही डब्यांच्या दारावर गाडी सुटण्याची खूण देणारा निळा दिवा बसवला गेला, त्यामागचा विचार अचूक आहे : गाडी हलण्याआधी सांगा. पण दिवा वर असतो आणि चढणाऱ्याचं लक्ष खाली, फलाट आणि फुटबोर्डमधल्या फटीकडे असतं. म्हणून दाराशी पोहोचल्यावर आधी मान वर करून दिवा बघा. तो लुकलुकत असेल, किंवा दिवा नसलेल्या डब्यात आधी आलेली माणसं धावत चढू लागली असतील, तर पाय उचलूच नका आणि पिवळ्या पट्टीच्या मागे या. चढायचं तर दांडा आधी हातात घ्या, पाय नंतर. हातात पिशवी असेल तर ती खांद्यावर, म्हणजे दांड्यासाठी हात मोकळा राहतो. गाडी हलली असेल तर दांडा धरूही नका, कारण पकडलेला हात सोडणं हीदेखील एक हालचाल आहे, आणि तिलाही तेवढाच वेळ लागतो.